चिंतेवरून लक्ष वळवायचं किट : कामाच्या नोंदी

२ जून

काम सुरू. नक्की काय बनवायचंय ते आधी लिहून ठेवतो, नाहीतर आठवड्याभरात याचं भलतंच काहीतरी होऊन बसेल. एक छापील पान, खिशात मावेल असं एक कार्ड आणि थोडी ऑडिओ रेकॉर्डिंग्ज, एवढंच साधं किट. कोणासाठी, तर हात जरा रिकामे झाले की ज्यांचं डोकं आपोआप चिंतेत शिरतं त्यांच्यासाठी, म्हणजे तसे आपण सगळेच. मजकूर मी लिहिणार, आवाज आणि एडिटिंग मित्र बघणार, आणि ओळखीच्या एक समुपदेशक मॅडम प्रत्येक व्हर्जन वाचून आम्ही जिथे वाहवत जाऊ तिथे लगाम ओढणार.

काय बनवायचं नाहीये हेही लिहितो. "पॉझिटिव्ह राहा, सगळं छान होईल" छापाचं काहीही नको. चिंतेत बुडालेल्या माणसाला हे ऐकवलं की मूळ चिंता असतेच, वर आपल्याला साधं पॉझिटिव्हही राहता येत नाही याची नवी चिंता सुरू होते. आणि हे किट उपचारांच्या जागी नाही. मॅडमनी पहिल्याच फोनवर बजावलं की हे वाक्य शेवटी बारीक अक्षरात ढकलू नका, पहिल्या पानावर ठळक टाका. टाकलं.

५ जून

आज फक्त वाचन. डॅनियल वेग्नर यांचा १९८७ चा पांढऱ्या अस्वलाचा प्रयोग परत नीट वाचला. लोकांना पाच मिनिटं सांगितलं की पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि आलाच तर घंटा वाजवा, आणि घंटा वाजतच राहिली. हा भाग बऱ्याच जणांना माहीत असतो, पण पुढचा भाग आमच्या जास्त कामाचा आहे. नंतर त्याच लोकांना "आता करा खुशाल विचार" म्हटलं तेव्हा, पहिल्यापासून मोकळीक दिलेल्या लोकांपेक्षा त्यांच्या डोक्यात अस्वल जास्त वेळा आलं, म्हणजे दाबलेलं सगळं व्याजासकट वसूल. वेग्नर यांनी पुढे याचं कारण मांडलं ते पटण्यासारखं आहे, विचार येत नाहीये ना हे बघायला मनाचा एक भाग पहाऱ्यावर बसतो, आणि पहारा द्यायचा तर कोणावर द्यायचाय हे सतत लक्षात ठेवावंच लागतं.

त्याच पेपरात अजून एक बारकी गोष्ट आहे. काही जणांना सांगितलं होतं की अस्वल आलं की त्याऐवजी लाल फोक्सवॅगन गाडीचा विचार करा. त्यांच्यात नंतरची ती उसळी बरीच कमी आली. म्हणजे मनाला नुसतं "तिकडे जाऊ नको" म्हणून भागत नाही, "इकडे ये" म्हणायला एक ठरलेली जागा हवी, आणि ती आधीपासून ठरलेली हवी, कारण ऐन वेळी शोधायला गेलं की मन इकडंतिकडं भटकून परत अस्वलापाशीच येतं.

परिणाम: स्क्रिप्टच्या कच्च्या मसुद्यात जिथे जिथे "नका" होतं ते सगळं उडवलं. "चिंता करू नका", "भूतकाळात रमू नका", "स्वतःला दोष देऊ नका". पानाचं निम्मं वजन कमी झालं.

७ जून

आज बराच वेळ एकाच मुद्द्यावर गेला आणि जायलाच हवा होता.

प्रश्न असा: माणसाला परीक्षेच्या निकालाची चिंता लागलीय, तर त्याचं लक्ष वळवायचं कुठे? निकाल चांगला लागल्याच्या चित्राकडे, की निकालाशी काडीचाही संबंध नसलेल्या एखाद्या सुखाच्या गोष्टीकडे? मित्राचं म्हणणं, संबंध हवाच, नाहीतर ती पळवाट झाली. माझं उलट, चिंतेच्याच विषयावर राहिलं तर पाय परत त्याच चिखलात.

मॅडमनी २०१६ चा एक अभ्यास पाठवला, क्लेअर ईगलसन आणि कॉलेट हर्श वगैरेंचा. सततच्या चिंतेचा विकार असलेले १०२ लोक, तीन गट. पहिल्या गटाने चिंतेचा शेवट चांगला झाल्याचं चित्र डोळ्यांसमोर आणायचं, दुसऱ्याने तोच चांगला शेवट शब्दांत मांडायचा, आणि तिसऱ्याने चिंतेशी संबंध नसलेलं कुठलंही आनंदाचं चित्र बघायचं. हा तिसरा गट खरंतर तुलनेसाठी ठेवलेला होता. सराव आठवडाभराचा. तिन्ही गटांची चिंता कमी झाली, तिन्हींची जवळपास सारखीच, आणि पुढे महिन्याभराने बघितलं तरी फरक टिकून होता.

म्हणजे आमचं दोघांचं भांडण निकालातच निघालं. कुठे वळवलं यापेक्षा वळवलं आणि वळवायचा सराव केला हे महत्त्वाचं दिसतंय. मित्र म्हणाला, "मग मीही बरोबर आणि तूही, असला निकाल मला अजिबात आवडत नाही." पण डिझाइनच्या दृष्टीने हे फारच सोयीचं आहे, दोन्ही दारं उघडी ठेवायची, ज्याला जे जमेल ते. निकालाच्या चिंतेत चांगल्या निकालाचं चित्र आणायला गेलं की काहींना जास्तच धडधडतं, त्यांनी दुसऱ्या दाराने जावं.

८ जून

फोल्डर नीट लावलं. फाईलला "फायनल" नाव द्यायचं नाही असा ठराव पास.

११ जून

पहिली ऑडिओ स्क्रिप्ट. मी लिहिलं होतं, "डोळे मिटा, एका शांत समुद्रकिनाऱ्याची कल्पना करा, मंद वारा वाहतोय..." मित्राने वाचतावाचता हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "हे जाहिरातीत चालतं. मला समुद्र आवडत नाही, पायाला वाळू चिकटते, मी काय करू?"

मुद्दा योग्य. तयार चित्र दिलं की ते आपलं नसतं आणि मन त्याला धरत नाही. म्हणून ऑडिओत चित्र द्यायचंच नाही, फक्त प्रश्न विचारायचे आणि मधे पुरेशी शांतता सोडायची. कुठे होता तुम्ही? उजेड कुठल्या बाजूने येत होता? हातात काय होतं? कोण काय म्हणालं, त्याच शब्दांत आठवतंय का?

एवढे बारीक प्रश्न का, तर टॉमस बोर्कोवेक यांनी चिंतेवर आयुष्यभर काम केलं आणि त्यांचं एक निरीक्षण असं की चिंता ही बहुतांशी शब्दांत चालते, चित्रांत कमी. "असं झालं तर? मग तसं झालं तर? मग ते काय म्हणतील?" ही जी डोक्यातली बडबड आहे ना ती म्हणजेच चिंता. चित्र धूसर असतं आणि वाक्यं भरपूर. म्हणून उतारा म्हणून आणखी एक वाक्य दिलं, अगदी कितीही सुंदर, तरी ते त्याच बडबडीत मिसळून जाण्याची भीती असते. उजेडाची बाजू आठवायची असेल तर मात्र क्षणभर बडबड थांबवावीच लागते. (वरच्या अभ्यासात शब्दवाल्या गटालाही तेवढाच फायदा झाला होता हे मला माहितीये, म्हणून शब्दांचं दार बंद करत नाही, पण ऑडिओ मात्र चित्रांचाच.)

ओळखीतल्या काही जणांना वापरून बघायला दिलं. एक मैत्रीण म्हणाली तिला सुरुवातीला काहीच आठवेना, सगळं आयुष्यच सपाट वाटायला लागलं, आणि मग "हातात काय होतं" या प्रश्नाला एकदम मुलाच्या सायकलची सीट आली. ती मागून सीट धरून पळत होती, मधे कधीतरी सुटली, आणि मुलगा पुढे गेला तरी हिचा हात तसाच सीटच्या उंचीवर हवेत. तो हवेतला हात तिला दिसला म्हणे. मुलाचा चेहरा नाही, पाठ आणि आपला हात. तिने त्याच चित्राला आपलं "ठरलेलं चित्र" केलं. आता तिला प्रश्न लागत नाहीत, हात आठवला की झालं.

असं पाहिजे. हे मी समुद्रकिनाऱ्यातून दहा जन्मांत काढू शकलो नसतो.

१४ जून

कार्डाच्या मागच्या बाजूला काय छापायचं यावर चर्चा. एका हितचिंतकाने आग्रह धरला की तिथे रोज म्हणायची वाक्यं द्या, "मी सक्षम आहे, मी आनंदी आहे, माझ्याबरोबर सगळं चांगलंच घडतं" अशी. दिसायला छान, छापायला सोपी, लोकांना हवीही असतात.

नाही देत आहोत. जोआन वूड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे तपासलं होतं, "मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे" अशा अर्थाचं वाक्य लोकांना स्वतःशी म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच बरं होतं त्यांना थोडंसं बरं वाटलं, आणि ज्यांचं मत वाईट होतं, म्हणजे ज्यांना या वाक्याची गरज आहे असं आपण समजतो, त्यांना न म्हणणाऱ्यांपेक्षा उलट वाईट वाटलं. साहजिक आहे, आपण मोठ्याने एक म्हणतो आणि आतून लगेच "कशावरून?" येतं आणि मग मन त्या कशावरूनचे पुरावे काढत बसतं.

गाब्रिएले ओटिंगन यांचं कामही याच्या शेजारचंच. नोकरी शोधणारे विद्यार्थी, त्यांतले जे छान नोकरीची दिवास्वप्नं जास्त रंगवायचे त्यांना दोन वर्षांनी कमी ऑफर आणि कमी पगार, आणि ज्यांना आपल्याला नोकरी लागेल अशी रास्त अपेक्षा होती त्यांचं चांगलं झालं. अपेक्षा वेगळी, दिवास्वप्न वेगळं. स्वप्नातच पोचल्याचं समाधान मिळालं की पायांतला जोर जातो.

हे वाचून मित्राने विचारलं की मग आपण सांगतोय तरी काय, चांगल्या शेवटाचं चित्र आणा म्हणतोय तेही दिवास्वप्नच की. बरोबर शंका आहे. माझं उत्तर असं की आपण ते नोकरी मिळवायला वापरत नाही आहोत, गरगरणारं डोकं दोन मिनिटं थांबवायला वापरतोय. थांबलं की कामाला लागायचं. तिथेच पाट टाकून बसायचं नाही. हे वाक्य थोडं सभ्य करून पानावर घेतलं.

कार्डाची मागची बाजू कोरी. तिथे ज्याने त्याने आपलं ठरलेलं चित्र दोन-चार शब्दांत लिहायचं.

१८ जून

मला वाटतं किटचा सगळ्यात उपयोगी भाग आज झाला, आणि त्यात पॉझिटिव्ह असं काही नाहीये.

वापरणाऱ्यांनी लिहून दिलेल्या चिंता वाचत होतो (त्यांना विचारून). त्यात सरळ दोन जाती दिसतात. एक, "परवा रिपोर्ट द्यायचाय आणि अजून हातच लावला नाही". दोन, "आपलं कोणालाच काही वाटत नाही असं झालं तर". पहिलीला शेंडी आहे, धरता येते. दुसरीला नाही. आणि पहिलीवरून लक्ष वळवायला शिकवणं म्हणजे माणसाला गोत्यात आणणं आहे, परवा रिपोर्ट नसणार आणि सायकलचा हात असणार.

अर्धवट कामं डोक्यात का टोचत राहतात यावर ब्लूमा झायगार्निक यांचं १९२७ चं काम प्रसिद्ध आहे, पण मला त्याहून उपयोगी वाटतं ते मासिकाम्पो आणि बाउमायस्टर यांचं २०११ चं. अपुऱ्या कामाचे विचार मधेमधे येऊन त्रास देतात, पण काम पूर्ण न करता नुसता त्याचा नेमका प्लॅन केला तरी तो त्रास थांबतो. मनाला काम झालंच पाहिजे असं नसतं, कोणीतरी जबाबदारी घेतलीय एवढं कळलं तरी ते गप्प बसतं.

म्हणून पानावर आधी एकच ओळ: यात माझ्या हातात काही आहे का? असेल तर काय, कधी, कुठे, हे लिहा आणि मगच लक्ष वळवा. "रिपोर्ट करेन" चालणार नाही. "उद्या सकाळी चहा झाल्यावर लॅपटॉप उघडून फक्त पहिलं टेबल भरेन" चालेल. नसेल काही हातात, तर थेट खालच्या चौकटीत जा.

हीच ओळ झोपण्याआधी भरायला सांगतोय. मायकेल स्कलिन यांचा २०१८ चा प्रयोग आहे, ५७ तरुण लोक, झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायचं, काहींनी पुढच्या दिवसांत करायची कामं, काहींनी झालेली कामं. मला वाटलं असतं की झालेली कामं लिहून समाधानाने झोप लागेल. तर उलट, उरलेली कामं लिहिणारे साधारण नऊ मिनिटं लवकर झोपले, आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर.

१९ जून

टायमरचा शेवटचा आवाज बदलला. आधीचा अलार्मसारखा होता, दचकायला व्हायचं.

२३ जून

फीडबॅक आले, आणि ऑडिओबद्दलचे फारसे चांगले नाहीत. ऑडिओ वाईट म्हणून नाही. पहाटे तीनला जाग आली, छातीत गोळा, किट आठवलं, फोन हातात घेतला, स्क्रीनचा उजेड डोळ्यांवर, वरती ऑफिसचा न वाचलेला मेसेज दिसला, संपलं. एकाने लिहिलंय, "तुमच्या ऑडिओपर्यंत पोचेपर्यंत मला आणखी दोन चिंता मिळाल्या."

मग ऑडिओचं काम काय, तर रात्रीचं नाहीच. दिवसा, बरं वाटत असताना, ठरलेल्या चित्रापर्यंतची वाट पुनःपुन्हा चालून ठेवायची, म्हणजे अंधारात पाय आपोआप पडतील. ऑडिओच्या सुरुवातीलाच आता हे सांगतो: हे तुम्ही ठीक असताना ऐका. लोकांना हे विचित्र वाटतंय, दुखत नसताना कोण औषध घेतं. पण घाबरलेल्या अवस्थेत नवीन काही शिकायला जाणं म्हणजे पुरात पोहायला शिकणं आहे.

मॅडमनी एक भर घातली. लक्ष परत चिंतेकडे जाईल, जाणारच, गेलं की "परत गेलं" एवढं म्हणून परत आणायचं, वैतागायचं नाही. परत आणणं हाच व्यायाम आहे. मन एकाच जागी टिकलं तरच जमलं असं समजून लोक दोन दिवसांत सोडून देतात, असा त्यांचा अनुभव.

२७ जून

"चिंतेची वेळ" हा भाग घातला. बोर्कोवेक यांची १९८३ ची जुनी युक्ती. रोज ठरावीक वेळी, ठरावीक जागी, अर्धा तास बसून फक्त चिंता करायची. दिवसभरात चिंता आली की ओळखायची, कागदावर दोन शब्द टिपायचे, "संध्याकाळी बघतो तुला" म्हणायचं आणि समोर जे आहे तिकडे परत यायचं. जागा पलंग सोडून कुठलीही, कारण पलंगाला चिंतेची सवय लावायची नाहीये.

सगळे हसले. चिंतेला अपॉइंटमेंट! पण ज्यांनी केलं त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे, संध्याकाळी यादी घेऊन बसलो तर निम्म्या गोष्टी वाचून "हे काय होतं?" झालं, अर्धा तास भरायला चिंता पुरेनात. आणि "करू नको" म्हणण्यापेक्षा "आत्ता नको, नंतर" म्हणणं मनाला पटतं, कारण त्यात खोटं काही नाही, खरंच नंतर करायचीय.

एकाने मात्र अर्ध्या तासाचे दोन तास केले. त्याच्यासाठी टायमर सक्तीचा.

१ जुलै

पानाच्या उजव्या कडेला एक अरुंद रकाना वाढवला: "पुढे काय झालं?" चिंता लिहिली त्या दिवशी तो कोराच राहणार, काही दिवसांनी परत येऊन भरायचा.

यामागे लाफ्रेनिएर आणि न्यूमन यांचा २०२० चा अभ्यास आहे. सततच्या चिंतेचा विकार असलेल्या २९ लोकांनी दहा दिवस आपल्या चिंता नोंदवल्या आणि पुढे महिनाभर त्यांचं काय झालं ते बघितलं. ९१.४ टक्के चिंता खऱ्या झाल्याच नाहीत. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते अगदी आकड्यात.

पण हा आकडा आम्ही कार्डावर छापणार नाही. माणसं फक्त २९, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्यांच्या चिंतांचा आकडा बघून आपली चिंता हलत नाही, "माझी उरलेल्यातली असेल तर?" हे लगेच येतं. तो रकाना स्वतःच्या अक्षरात भरला तर हलते. एकीने भरलेला बघितला, ओळीने "नाही झालं, नाही झालं, नाही झालं, विसरले होते, नाही झालं" आणि मधेच एक "झालं. मुलाखतीत नाही घेतलं. दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी दुसरीकडे अर्ज केला". ही ओळ मला त्या सगळ्या "नाही झालं"पेक्षा मोलाची वाटते. चिंता करताना आपण फक्त ते घडेपर्यंतच जातो, घडल्यानंतरचा तिसरा दिवस आपल्या चिंतेत कधी नसतोच.

५ जुलै

एकाने किट परत केलं. वडील आजारी आहेत, हॉस्पिटलमध्ये, आणि त्याने लिहिलंय, "चित्र आणायचा प्रयत्न केला, आलंही, पण मग वाटलं की ते तिकडे आणि मी इकडे सुखाचं चित्र बघत बसलोय. बेइमानी वाटली."

यावर मी उत्तर लिहायला घेतलं आणि सोडलं. मॅडमनी फोन केला त्याला. त्यांचं मत स्पष्ट आहे, ही चिंता डोक्याने रचलेली नाही, ही माया आहे आणि समोर खरंच संकट आहे, तिथे वळवावळवी करायची नसते, तिथे शेजारी बसायला माणूस लागतो आणि डबा, झोप, पाळ्या ठरवून घेणं लागतं. पहिल्या पानावर आता ठळक दोन परिच्छेद आहेत. एक हा. दुसरा, चिंता जर महिनोन्‌महिने, सहा महिन्यांच्या आसपास किंवा जास्त, बहुतेक रोज असेल, आवरता येत नसेल, झोप उडाली असेल, अंग सतत आखडलेलं असेल, कामात लक्ष लागत नसेल, तर किट बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना किंवा मानसोपचार तज्ज्ञांना भेटा, यावर चांगले उपचार आहेत. आणि जगावंसं वाटत नसेल तर आजच, आत्ताच कोणाला तरी सांगा.

मित्र म्हणाला पहिलं पान फार गंभीर झालं. असू दे.

९ जुलै

संध्याकाळच्या चौकटीत तीन चांगल्या गोष्टी. मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांचा २००५ चा अभ्यास, आठवडाभर रोज रात्री दिवसातल्या तीन बऱ्या गोष्टी आणि त्या का घडल्या ते लिहायचं, सहा महिन्यांपर्यंत फरक दिसला, आणि ज्यांनी आपणहून पुढे चालू ठेवलं त्यांना जास्त. बरेच लोक तीन गोष्टी लिहितात आणि "का" गाळतात. आमच्याकडेही तेच झालं, चौथ्या दिवसापासून "जेवण, झोप, कुटुंब", हजेरी लावल्यासारखं.

"का"ची जागा मोठी केली आणि गोष्टींची लहान. "बस मिळाली" यात काही नाही. "बस मिळाली, कारण कंडक्टरने मला पळताना बघितलं आणि बेल दाबायची थांबवली" यात एक माणूस आला. लक्ष वळवायचंय ते इथे. दिवसभर हे घडत असतंच, फक्त चिंतेच्या बडबडीत ऐकू येत नाही.

१३ जुलै

आवाजांचं रेकॉर्डिंग. एड्रियन वेल्स यांनी १९९० मध्ये मांडलेली लक्षाच्या सरावाची पद्धत आहे, एकाच वेळी बरेच आवाज चालू असतात, आधी एकेकावर लक्ष द्यायचं, मग भराभर एकावरून दुसऱ्यावर उड्या, मग सगळे एकदम ऐकायचे. दहा-बारा मिनिटं. शांत वाटणं हा त्याचा हेतूच नाही, लक्ष आपलं आपल्याला हलवता येतं हे अंगी मुरवणं हा हेतू. आम्ही तिची छोटी, सौम्य आवृत्ती करतोय, मॅडमच्या देखरेखीखाली.

मित्राने मन लावून आवाज गोळा केले, पंखा, घड्याळ, लांबची गाडी, पक्षी, नळाची टपटप. नळाच्या टपटपीवर तीन जणांकडून एकच तक्रार, ऐकताना उठून नळ बंद आहे का बघून आले. नळ काढला.

यात अजून एक गोष्ट डोक्यात होती. किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये फोनवरून २,२५० लोकांना दिवसात अधूनमधून विचारलं की आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय. ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच. आणि मन छानशा विषयाकडे भटकलेलं असतानाही लोक हातातल्या कामात असण्यापेक्षा जास्त खूश नव्हते. आमच्या सुखाच्या चित्रांना हा चांगलाच टोला आहे. म्हणून तिसरं दार: चित्र नाही, शब्द नाहीत, जे हातात आहे ते. भांडं घासत असाल तर भांडं. काहींना हेच सगळ्यात सोपं गेलं, खास करून ज्यांना "आनंदाचं चित्र आठवा" म्हटलं की दडपण येतं त्यांना.

१७ जुलै

आजची स्थिती. पान तयार, कार्ड तयार, ऑडिओ दोन: प्रश्नांचा आणि आवाजांचा. दोन्हींत मित्राचा आवाज, आधीपेक्षा सावकाश, कारण "उजेड कुठल्या बाजूने येत होता" यानंतर आम्ही सोडलेली शांतता लोकांना पुरत नव्हती, उत्तर सापडायच्या आत पुढचा प्रश्न येत होता. दुप्पट केली. मित्राला ती एडिटिंगमध्ये रिकामी पट्टी म्हणून बघवत नाही, दर वेळी कापायला हात शिवशिवतो म्हणतो.

लहान मुलांसाठीही करा अशी मागणी आलीय. याच प्रोजेक्टमध्ये नाही, त्यांची चिंता वेगळी असते आणि त्याला वेगळा माणूस लागेल.

बाकी काम: कार्डाची कोरी बाजू पेनाने लिहिता येईल अशा कागदावर घेणे, गुळगुळीत कागदावर शाई पसरतेय. पहिल्या पानाचं प्रूफ मॅडमकडे. छपाई सोमवारी.